शाईचे दिवस, लिखाणाचे दिवस: घरचा छापखाना सांभाळून लिहायचं कसं

मशीनवर शाई चढवली की मी गॅसवर काही ठेवत नाही. हा आमच्या घरातला नियम आहे आणि तो सासूबाईंनाही पाठ आहे. सकाळी पेज पिताना त्या विचारतात, "आज शाई लावतलंस काय गो?" मी हो म्हटलं की त्या दिवशी भात आणि आमटी सकाळीच होतात, त्यांची साडेदहाची गोळी उशाशी वाटीत काढून ठेवली जाते आणि मग मी घरामागच्या मांगरात, म्हणजे आमच्या छापखान्याच्या शेतघरात, जाते. हा नियम नव्हता तेव्हा ऐन छपाईत हाक यायची, "भात करपलो गो!" मी तशीच धावायची. दहा मिनिटांसाठी गेलेली चाळीस मिनिटांनी परत यायची, तोवर तबकडीवरची शाई चिकट झालेली असायची. पुढचे पन्नास कागद कुठे फिके, कुठे डागाळलेले.

आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात. मांगर चिऱ्याचा, वर नळे, म्हणजे कौलं. सासऱ्यांनी त्यात ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, बसवली, क्राउन फोलिओ, म्हणजे १० × १५ इंचांची. त्यांची नजर मंद झाल्यापासून, गेली चौदा वर्षं, ती मी चालवते. देवस्थानांची पावती पुस्तकं, लग्नपत्रिका, दशावताराची हँडबिलं, आंब्याच्या पेटीत घालायच्या चिठ्ठ्या अशी कामं येतात. मोठी कामं केव्हाच ऑफसेटवाल्यांकडे गेली. माझ्याकडे जे येतं ते शंभर-पाचशे प्रतींचं आणि कागदावर अक्षर उमटलेलं हवं असणाऱ्यांचं. याच्या जोडीला मी ललित लेख आणि कथा लिहिते. घरात सासूबाई, नवरा, बारावीतला मुलगा आणि मी.

वर्षातून दोन-तीन जण तरी विचारतात: "वयनी, एक जुनी ट्रेडल भंगारात चाललीय. घेऊ काय? घर सांभाळून, लिखाण सांभाळून जमेल?" जमतं. कसं जमतं ते सविस्तर सांगते.

कामाची जात ओळखा

सुरुवातीला मी घड्याळ लावून पाहिलं होतं. नऊ ते बारा छापखाना, दोन ते चार लिखाण, असा कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला होता. आठवडाभरही तो चालला नाही. मासेवाली होडी किनाऱ्याला लागेल तशी येते. पाडेली नारळ पाडायला कधीही हजर होतो. वीज जाते, पाहुणा येतो. घरातल्या हाका बंद करता येत नाहीत आणि करूही नयेत. कोणत्या कामातून उठलं तर चालतं आणि कोणत्या कामातून उठलं तर नुकसान होतं, हे मात्र आपल्याला आधीच ठरवता येतं. माझं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर उभं आहे.

जुळणीतून, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं (खिळे) एकेक करून ओळीत लावण्यातून, कधीही उठता येतं. ओळ अर्धी असली तरी उरलेल्या जागेत एक मोठा क्वाड, म्हणजे कोरा खिळा, अडकवायचा, हस्तलिखितात पुढच्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ मारायची आणि जायचं. तासानं आलात, उद्या आलात, खिळे तिथेच असतात. पान पूर्ण झालं असेल तर मात्र बांधल्याशिवाय हलू नका. हे बांधणं नीट शिकून घ्या, कारण घरातल्या छापखान्यात मांजर आहे, मूल आहे, आणि गॅलीला, म्हणजे जुळलेलं पान ठेवायच्या तबकाला, धक्का लागला की दोन दिवसांचं काम जमिनीवर. पक्का बारीक दोरा घ्यावा, सुतळी नको, तिचा पीळ सुटतो. पानाच्या एका कोपऱ्यापासून सुरू करून चारही बाजूंनी ताणून चार-पाच वेढे द्यायचे. पहिल्या वेढ्यानं सुरुवातीचं टोक दाबलं गेलं पाहिजे. कोपरा वळताना दोरा दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबून धरायचा, तिथेच तो सैल पडतो. शेवटी गाठ मारायची नाही. शिशाच्या पट्टीच्या टोकानं दोऱ्याचा शेवट वेढ्यांच्या खाली कोपऱ्यात खुपसायचा आणि जरासा बाहेर ठेवायचा. पान लोखंडी चौकटीत बसवून भोवती पट्ट्या भरल्या की, कसण्याआधी, ते टोक ओढायचं, सगळा दोरा एका झटक्यात मोकळा होतो. मला हे हाताला बसायला सहा महिने लागले. सासरे तोंडानं काही शिकवायचे नाहीत, सैल दिसलं की दोरा सोडून परत माझ्या हातात द्यायचे.

छपाईतून उठता येत नाही. शाई, रोलर, प्लेटनवरचं (कागद दाबणाऱ्या पाटीवरचं) पॅकिंग, कागद घालण्याची हाताची लय, हे सगळं एकदा जमून आलं की शेवटच्या प्रतीपर्यंत तसंच ठेवावं लागतं. मध्ये उठलात तर लय मोडते, आणि मोडलेल्या लयीत ट्रेडलवर हात घालणं धोक्याचं. म्हणून मी आठवड्यात शाईचे दिवस दोनच ठेवलेत, मंगळवार आणि शुक्रवार. आठवड्याची सगळी कामं जुळवून, प्रूफ तपासून तयार ठेवायची आणि त्या दोन दिवसांत छापायची. रंग असतील तर फिक्याकडून गडदाकडे जायचं, आधी पिवळा, मग लाल, शेवटी काळा. त्यामुळे रोलर धुण्याचा निम्मा त्रास वाचतो.

तिसऱ्या जातीच्या कामात हात गुंतलेले असतात आणि डोकं मोकळं असतं. घड्या घालणं, पावती पुस्तकांचे कागद क्रमानं लावणं, शिवण. उन्हाळ्यात आमसुलांसाठी कोकमं फोडणं मी याच जातीत धरते. हे काम एकटीनं करू नका. आमच्याकडे दुपारी पडवीत चटई पसरते, सासूबाई घड्या घालतात, मी शिवते, आणि त्या बोलत राहतात. माझ्या तीन कथांची मुळं त्या चटईवर सापडलीत. त्यांना काम दिल्याचं समाधान मिळतं, मला सोबत मिळते, आणि घराला वेळ दिला की छापखान्याला, हा हिशोबच मांडावा लागत नाही.

लिखाणातही हेच आहे. पहिला खर्डा शाईसारखा असतो, उठलात की सुकतो. दुसरा-तिसरा हात फिरवणं जुळणीसारखं, तुकड्या-तुकड्यांत होतं. हे कळल्यावर मी पहिल्या खर्ड्यासाठी पहाटेचे पाच ते साडेसहा राखून ठेवले. त्या वेळी कुणी उठलेलं नसतं, फोन माजघरात असतो, आणि खिळ्यांना हात लागलेला नसतो. दुरुस्त्या मात्र कुठेही करते. एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, कुकर होईपर्यंत. शाईच्या दिवशी पहाटेचं लिखाण मी सोडून देते. एकाच दिवशी दोन शाया लावून पाहिल्या, दोन्ही बिघडल्या.

आणखी एक सांगून ठेवते. छपाई करताना कथेचा विचार करायचा नाही. फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, फिरत असतं, पाय काढला तरी मशीन लगेच थांबत नाही. कागद वाकडा गेला तर जाऊ द्या. तो सरळ करायला पुन्हा हात आत नेऊ नका, दाब काढायचा दांडा ओढा आणि तो कागद वाया गेला म्हणून सोडून द्या. पदर खोचलेला, केस बांधलेले, हातात सैल बांगडी नाही. चालू मशीनजवळ लहान मूल तर अजिबात नाही, मग ते कितीही शहाणं असो.

प्रूफ रात्री वाचू नका

हे मी फार महागात शिकले. पाच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरची लग्नपत्रिका होती, तीनशे प्रती. त्याच आठवड्यात एक लेख पाठवायचा होता. दिवसभर जुळणी, रात्री लेख, आणि अकराच्या सुमारास पत्रिकेचं प्रूफ हातात घेतलं. नावं तपासली, स्थळ तपासलं, ठीक आहे म्हणून ठेवून दिलं. सकाळी छापून टाकली. तारीख बरोबर होती, वार चुकला होता. शनिवारचा शुक्रवार झाला होता. निम्म्या पत्रिका वाटून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या माणसांनी आवाज चढवला नाही, पण मुलीचे वडील पत्रिका हातात घेऊन खळ्यात उभे राहिले होते, ते मला आजही दिसतं. सगळ्या पत्रिका स्वखर्चानं परत छापल्या आणि वाटलेल्या घरी नवऱ्यानं आणि मी जाऊन बदलून दिल्या.

तेव्हापासून प्रूफ सकाळच्या उजेडात, दुसऱ्या माणसाच्या आवाजात. मुलगा मूळ कागद मोठ्यानं वाचतो, मी प्रूफवर बोट ठेवत जाते. तो नसेल तर सासूबाई वाचतात. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, म्हणून त्या अक्षर-अक्षर लावत सावकाश वाचतात, आणि प्रूफाला नेमकं तसंच वाचन लागतं. तारीख, वार आणि तिथी या तिन्ही गोष्टी भिंतीवरच्या पंचांगाशी ताडून, समोर टीक करायची. ग्राहकाची सही घेतल्याशिवाय फर्मा, म्हणजे चौकटीत कसलेलं पान, मशीनवर चढत नाही. स्वतःच्या लिखाणाचं प्रूफ तर स्वतः शेवटचं वाचूच नये. आपल्याला तिथे जे असायला हवं तेच दिसत राहतं.

पावसाळा लिखाणाचा, हिवाळा छपाईचा

आठवड्याची घडी बसली तरी वर्षाची घडी वेगळी बसवावी लागते. कोकणात ती पाऊस ठरवतो. आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. देशात छपाईयंत्र पहिल्यांदा उतरलं ते याच किनाऱ्यावर, १५५६ साली गोव्यात. म्हणजे दमट हवेशी छापखान्याचं भांडण पहिल्या दिवसापासूनचं आहे.

दमट हवेत काय काय होतं ते ओळीनं सांगते, कारण यातलं एकेक मी भोगलंय. कागद ओल शोषतो आणि फुगतो, तोही एका दिशेला जास्त. लाल रंग मंगळवारी छापला आणि काळा शुक्रवारी, तर दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत. शाई जवसाच्या तेलातली असेल तर ती हवेनं सुकते, आणि दमट हवेत तिला दुप्पट वेळ लागतो. छापलेल्या कागदांची थप्पी लावली की वरच्याच्या पाठीला खालची शाई लागते. फर्म्याच्या भोवती भरायच्या लाकडी पट्ट्या फुगतात, रात्री घट्ट कसलेला फर्मा सकाळी वेगळाच असतो. बिडाच्या मशीनवर खारट वारा गंज चढवतो. सासऱ्यांच्या काळात रोलरसुद्धा सरस, ग्लिसरीन आणि गूळ यांचे ओतीव असायचे. पावसात ते पाणी धरून फुगायचे आणि मे महिन्यात मऊ पडायचे. आता रबराचे आहेत, तेवढा एक ताप गेला.

उपाय साधे आहेत. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाकडी कपाटात, आत कमी वॉटचा पिवळा बल्ब दिवसभर चालू. छापायच्या आदल्या दिवशी तो बाहेर काढून मांगराच्या हवेत मोकळा ठेवायचा, म्हणजे जे काही फुगायचं ते आधी फुगतं. दोन रंग असतील तर एकाच दिवशी. ताजे कागद पन्नासच्या वर एकावर एक ठेवायचे नाहीत, मध्ये रद्दीचा कोरा कागद. मशीनच्या उघड्या लोखंडाला दर शनिवारी तेलाचा हात. आणि कसलेला फर्मा मशीनवर नेण्याआधी त्याचा एक कोपरा किंचित उचलून खाली बोटांनी दाबून पाहायचा. एक खिळा जरी हलला तरी परत कसायचा. पावसात हे प्रत्येक वेळी.

एवढं करूनही जून ते सप्टेंबर मी कामं कमीच घेते. गणपतीच्या आरतीच्या पुस्तिका आषाढातच उरकते, कारण नंतर चाकरमानी यायला लागतात आणि घरात बारा-पंधरा माणसांचं रांधप सुरू होतं. बाकी पावसाळा लिखाणाचा. दिवाळी अंकांचे संपादकही याच काळात लेख मागतात. ही दिवाळी अंकांची चाल १९०९ साली ‘मनोरंजन’नं सुरू केली, आणि त्याचे संपादक का. र. मित्र मूळचे आजगावकर. आजगाव आमच्या शेजारच्या तालुक्यातलं. जुलैत मांगराच्या नळ्यांवर पाऊस वाजत असतो आणि मी एखादा लेख संपवत असते, तेव्हा त्यांची आठवण हटकून येते.

तुळशीचं लग्न झालं की चित्र पालटतं. लग्नपत्रिका सुरू होतात, दशावताराच्या मंडळ्या बाहेर पडतात, गावोगावच्या जत्रा लागतात. मार्च ते मे आंबा आणि काजू. या महिन्यांत लिखाण होत नाही. सुरुवातीला त्याची मला फार बोचणी लागायची. आता या दिवसांसाठी एक छोटी वही ठेवलीय. तिच्यात ऐकलेलं वाक्य, एखादं नाव, एखादा वास, एवढंच लिहायचं, दिवसाला दोन ओळी. जूनमध्ये ती वही उघडली की पहिल्या पहाटे कोऱ्या कागदासमोर बसून राहावं लागत नाही.

स्वतःचं लिखाण स्वतःच्या खिळ्यांत

लिहिणारा माणूस छापखाना घेतो तेव्हा त्याच्या मनात स्वतःचं पुस्तक असतंच. छापा, पण लहान छापा. सोळा पानांची पुस्तिका, शंभर प्रती. माझ्याकडे पायका टाइप, म्हणजे नेहमीच्या मजकुराच्या मापाचे खिळे, आहे तो दोन पानांना जेमतेम पुरतो. दोन पानं जुळवायची, छापायची, खिळे धुऊन परत ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे, मग पुढची दोन. जुळणीला मला पानामागे अडीच तास लागतात, परत टाकायला पाऊण तास. सोळा पानांना मी दोन महिने धरते.

मराठीत सगळ्यात आधी काना संपतो. एकदा आजोबांवरचं पान जुळवत होते. तीन ओळी राहिल्या होत्या आणि खान्यात अकरा काने. वाक्य होतं: "आजा दारात उभा राहायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचा." आ सोडून मोजले, अठरा काने. अशा वेळी जुळारी त्याच रुंदीचा दुसरा खिळा उलटा घालून जागा धरून ठेवतात आणि काने मोकळे झाले की बदलतात. मी तसं करणार होते. तेवढ्यात वाक्याकडे पुन्हा पाहिलं आणि ते असं केलं: "आजा दारात उभा. येईल त्याला हाक." सात काने. आजोबा असेच होते, कमी बोलणारे, आणि माझ्या मूळ वाक्यात ते फार बोलके झाले होते. ते वाक्य तसंच छापलं. पण दरवेळी खिळ्यांचं ऐकू नका. त्याच पुस्तिकेत आईच्या बोलण्याचं एक लांब वाक्य होतं, ते तोडलं असतं तर तिचा श्वास तुटला असता. त्यासाठी मी दोन दिवस थांबले, आधीचं पान छापून काने सोडवले आणि मग ते जुळवलं.

ओळ भरून काढताना रोमन लिपीवाले अक्षरांमध्ये जागा सोडू शकतात, आपल्याला ती सोय नाही. शिरोरेषा तुटते. जागा फक्त शब्दांच्या मध्ये वाढवायची, तीही डोळ्यांना खड्डा दिसणार नाही इतपत. म्हणून मी हस्तलिखितातच लांब जोडशब्द ओळीच्या शेवटी येतील का हे पाहते. जुने झिजलेले खिळे असतील तर शिरोरेषेत बारीक फटी दिसतात. असे खिळे वेगळ्या डबीत काढा, वाचकाच्या डोळ्याला ते फार खुपतात.

शिसं स्वयंपाकघरात येऊ देऊ नका

यात हयगय करू नका. खिळ्यांत मुख्यत्वे शिसं असतं, कडकपणासाठी अँटिमनी आणि थोडं कथील. नुसतं हाताळल्यानं ते कातडीतून फारसं आत जात नाही. ते जातं तोंडातून आणि धुळीतून. म्हणून मांगरात काहीही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय असेल तर ती आधी मोडा. मांगराच्या दारातच नळ आणि साबण, नखांना ब्रश. छापखान्याचा गाऊन तिथेच खुंटीला राहतो आणि वेगळा धुतला जातो. भाकरीचं पीठ मळण्याआधी हात दोनदा.

पावसाळ्यात ओल धरलेल्या खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसू लागते. तिच्यावर फुंकर मारू नका, झाडूही फिरवू नका. ओल्या फडक्यानं टिपून घ्या, तोंडाला मास्क लावा, फडकं टाकून द्या. केसचे, म्हणजे खिळ्यांच्या पेटीचे, खाने साफ करतानाही तेच. खराब खिळे घरी वितळवायचा विचार मनातही आणू नका. घरात गरोदर बाई असेल तर तिनं खिळ्यांपासून लांबच राहावं, शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. माझी जाऊ बाळंतपणाला इथे होती ते सहा महिने मी जुळणी बंद ठेवली होती, कामं परत पाठवली. रक्तातल्या शिशाची तपासणी होते, ती मी वर्षातून एकदा करून घेते.

शाई पुसलेली तेलकट फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवा. रॉकेल किंवा टर्पेंटाईन मांगरातच, घरात नाही.

पैसे आणि नाही म्हणणं

निम्मी रक्कम आधी, कागद ग्राहकाचा असेल तरीही. तारीख देताना दिवस मोजायचे नाहीत, मधले शाईचे दिवस मोजायचे. दोन आठवडे म्हणजे चार शाईचे दिवस, त्यातला एक वीज, पाहुणे, आजारपण यांच्यासाठी सोडून तीन. "उद्याच पाहिजे" म्हणणाऱ्याला मी प्रेमानं कुडाळच्या ऑफसेटवाल्याकडे पाठवते. घरचं माणूस असेल तर अवघड जातं, पण एकदा हो म्हटलं की तो दिवस स्वयंपाकघरातून किंवा पहाटेतून जातो. पहाट मी कुणालाही देत नाही.

एक दिवस मात्र दरवर्षी धंद्याला बंद. पोंभुर्ले आमच्याच जिल्ह्यात, देवगड तालुक्यात. तिथल्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं, एका स्तंभात मराठी, शेजारी इंग्रजी. त्या दिवशी मी ग्राहकाचं काही छापत नाही, स्वतःचं एक पान छापते. कामं ऐन भरात असतात, तरीही. भात सकाळी होतो, मुलगा कागद मोजून देतो, सासूबाई ओटीवर खुर्ची ओढून बसतात आणि सुकत घातलेल्या कागदांवर लक्ष ठेवतात, कोंबडी येऊ नये म्हणून. यंदाचं पान जुळवून झालंय, गॅलीवर दोऱ्यात बांधून केसच्या खाली सरकवलंय. तीन ठिकाणी कान्याच्या जागी दुसरे खिळे उलटे धरलेत, काने शुक्रवारची हँडबिलं छापून झाली की मोकळे होतील. कागद आजपासून बल्बच्या कपाटात आहे.